ओटीतल्या गोळ्या

सुमन आक्का काल सकाळी गेल्या.

पूर आलता त्या वर्षी, श्रावणातल्या शुक्रवारी, त्यांनी माझ्या ओटीत गर्भनिरोधक गोळ्या घातल्या होत्या.

व्हय, बरोबर वाचलंत. लाजून लई वर्षं काढली, आज लिहिते.

आक्का आमच्या वडगावच्या आशा कार्यकर्त्या. स्कूटीला कापडी पिशवी, आणि गल्लीत शिरतानाच हाक, "कोण हाय गं घरात?"

त्या वर्षी घरात कंबरभर पाणी शिरलं. माग बुडाले, सूत भिजलं. आम्ही सगळे शाळेत, पूरग्रस्तांच्या सरकारी काळजी केंद्रात. एका वर्गात पाच कुटुंबं. माझं माहेर संकेश्वरचं, पण तिकडचा रस्ताच बंद.

धाकटी तेव्हा दीड वर्षाची. तिच्या वेळी माझं इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "परत दिवस गेले तर हिची गॅरंटी मी देणार नाही."

ऑपरेशन करायचं तर अंगात रक्त नाही. म्हणून गोळ्या. आणि गोळ्या कपाटासकट पाण्यात.

एका वर्गात पाच कुटुंबं, मग कसली भीती, असं कुणी म्हणेल. संसार केलेल्यांनी असलं विचारू नये.

बिस्किटं आली, चादरी आल्या, टूथपेस्टसुद्धा आली. हे मात्र कुणाच्याच लिस्टमध्ये नव्हतं.

आक्कांनी आरोग्य केंद्रात खेटे घालून गोळ्या आणल्या. आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला. सगळं वाटप माइकवरून चाललेलं, म्हणून त्यांनीही माइक घेतला.

"ज्या बायकांना पाळणा लांबवायच्या गोळ्या पायजेत, त्यांनी टेबलाकडं या!"

एक बाई उठेल तर शपथ. समोर सासरे पेपर वाचत बसलेले! मी तर धाकटीच्या वेण्या घालायला घेतल्या. दीड वर्षाच्या पोरीला कसल्या आल्यात वेण्या?

आक्का नंतर स्वतःच सांगून हसायच्या. "लई शाणी मी! माइकवर!"

शुक्रवारी एक महिला मंडळ ओटीचं सामान घेऊन आलं. आक्का त्यांना म्हणाल्या, "ओट्या मी भरते."

ओटी म्हटल्यावर पुरुषमाणसं आपोआप व्हरांड्यात गेली. आक्कांनी दार लोटून घेतलं.

एकेकीला जवळ ओढून त्या कानात विचारत होत्या. डोकं दुखतं काय, बीपी हाय काय, अंगावर पाजतीस काय. मग हळूच, "पायजेत?"

मी मान हलवली. तांदूळ, नारळ, खण. आणि खणाच्या घडीत पाकीट.

चटईवर येऊन पदर सोडला आणि ते पाकीट नेमकं सासूबाईंच्या पुढ्यात पडलं.

त्यांना नातू हवा होता. मला दोन्ही मुली.

सासूबाई उठल्या त्या थेट आक्कांसमोर. "ओटीत असलं घालतीस? लाज न्हाय वाटत?"

आक्कांनी आवाज चढवला नाही. "मावशी, ओटी कशाला भरत्यात? बाईचं बरं व्हावं म्हणूनच न्हवं? तुमची सून जगायला पायजे मला."

सासूबाई चटईवर येऊन माझ्याकडं पाठ करून बसल्या. मी मात्र गोळी रोज घेतली, त्यांच्या देखत.

महिना संपत आला तेव्हा आम्ही घरातला चिखल काढत होतो. खराटा हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "पाकीट सरत आलं असंल. आक्काकडं जाऊन ये जा. पोरींना मी बघते."

पुढं अंगात रक्त भरल्यावर ऑपरेशन झालं. तेव्हाही बाहेर बाकावर सासूबाई आणि आक्का, दोघी शेजारी शेजारी. एका डब्यातलं खात.

काल आक्कांना शेवटचं बघायला गेले तर अंगणात त्या वर्गात ओटी भरून घेतलेल्या कितीतरी जणी उभ्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावरही माझं रडणं थांबेना. थोरलीनं विचारलं, "आई, त्या आपल्या कोण गं?"

म्हटलं, "तुम्हा दोघींना आई हाय न्हवं? ती त्यांच्यामुळं."

आक्का, नमस्कार करते. निवांत जावा.