मामांचं मोठं आयर्न, माझं लहान

घमापुरातून मामांच्या शेजारच्या दुबे भैयांचा फोन आला, "दीदी, मामाजी नहीं रहे," तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. वसंतमामा सकाळचा चहा पिऊन खुर्चीतच गेले. ऐंशी ओलांडलेलं वय, ना दवाखाना, ना कुणाला त्रास... आता महिना उलटलाय, आणि त्यांची आठवण आली की रडण्याआधी हसूच येतं. कारण आमचं शेवटचं मोठं भांडण डाख द्यायच्या अवजारावरून, सोल्डरिंग आयर्नवरून झालं होतं.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. सारी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली, यंत्रांच्या आवाजानं कान गेले, पण कबूल करतील तर शपथ. मामी गेल्यावर ते एकटेच राहायचे, मुलगा-सून पुण्याला. लोक भेटायला यायचे, घंटी वाजवून वाजवून थकायचे आणि परत जायचे. मीसुद्धा राइट टाउनच्या माझ्या घरून स्कूटरनं जाऊन बंद दारावरून परतले आहे. आणि भेट झाली की मामा म्हणायचे, "आता कोणी येत नाही गं माझ्याकडे." तक्रारीचा सूर नसायचा, आज ऊन आहे म्हणावं तसं म्हणायचे. मला ते फार लागायचं. घंटीला दिवा जोडायला वायरमन पाठवला, तर "मला ऐकू येते" म्हणून त्याला दारातूनच वाटेला लावलं.

मग मी डाव टाकला. म्हटलं, "मामा, मला सोल्डरिंग शिकायचंय. आयर्न कोणतं घेऊ?"

"तुला? काहून?"

"छंद म्हणून."

"अच्छा... चलो, मीच घेऊन देतो. तुला फसवतील ते."

दुकानात मामांनी पेनासारखी नाजूक आयर्नं बाजूला सारली. "ह्या काय उदबत्त्या आहेत?" आणि हातोडीएवढं एक धूड उचललं. दुकानदार हळूच म्हणाला, "मामाजी, ये तो टीन-पत्रे के काम का है." मीही म्हटलं की शिकणाऱ्याला पंचवीस वॅटचं पुरतं. पण मामांना तेव्हा नेमकं दोघांचंही ऐकू आलं नाही. धूड घरी आलं.

मी दिव्याच्या सुट्या भागांचा एक संच आणला होता, बिस्किटाएवढी पट्टी आणि तिच्यावर जोडायचे बारीक भाग. ते आयर्न पहिल्यांदा टेकवलं मात्र, धूर निघाला आणि पट्टीवरचं तांबं सालीसारखं सुटून आलं. मी चिडले, बोलायचं ते बोलले. मामांनी चष्मा वर करून पट्टी निरखली. "आम्ही पत्रे जोडत होतो बाप्पा... हा तर पापड आहे." आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले.

पुन्हा त्याच दुकानात. "भैया, बच्ची के हाथ का दिखाइए." बच्ची पंचावन्नची होती, दुकानदारानं चेहरा सरळ ठेवला. या वेळी मामांनी प्रत्येक आयर्न थंडच माझ्या हातात दिलं आणि गप्पा मारत राहिले. हात कशानं अवघडत नाही, ते त्यांना बघायचं होतं. वायर मऊ हवी, ताठ वायर हात ओढते. टोक बारीक हवं आणि बदलता यायला हवं. सोबत स्टँड घ्यायचाच, नाहीतर टेबल जळतं. शेवटी पंचवीस वॅटची उदबत्तीच आली, आणि ती जणू त्यांनीच शोधून काढली होती.

मग रविवारच्या दुपारी शिकवणी. "आधी सांध्याला ताप दे, मग सोल्डरची तार लाव. तू तर आयर्नलाच तार चारून राहिली." मी फार सुखात होते त्या दुपारी. एका रविवारी दिवा तयार झाला. बटण दाबलं की बराच वेळ लाल लुकलुकायचा. मामा बघत राहिले.

"कुठे लावतेस हा?"

"तुमच्या खुर्चीसमोर. घंटीला जोडून."

माझा डाव उघडा पडला होता. आता यालाही ते नाही म्हणाले असते, तर पुढे करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"लाव," ते म्हणाले. "मला ऐकू येते. पण आपण बनवलाय, तर लाव."

माणसं पुन्हा भेटू लागली. मामांना त्या दिव्याचं इतकं कौतुक, की दार उघडं असलं तरी आधी बटण दाबायचं, असा घराचा नियमच झाला. कुणी तसाच आत आला, तर त्याला परत बाहेर पाठवायचे.

फोन आल्यावर मी घमापुरात पोचले, तेव्हा दार सताड उघडं होतं. गल्लीतले, कारखान्यातले जुने सोबती, दीक्षितपुऱ्यातले नातेवाईक, एकेक करून येत होते. आणि प्रत्येक जण चपला काढण्याआधी बटण दाबत होता. दुबे भैया जवळ येऊन हळूच म्हणाले, "दीदी, घंटी बंद कर दूँ?"

मी म्हटलं, "रहने दीजिए भैया."

संध्याकाळपर्यंत मामांच्या खुर्चीसमोरचा दिवा विझला म्हणून नाही.