भिंतीमागची खुर्ची

टेनेसीतल्या आमच्या गावात व्हर्लिन टॅकेटला पाद्र्यापेक्षा जास्त मान आहे, आणि पाद्र्याला ते सलतं. इथली अर्धी माणसं शर्टाखाली पिस्तूल खोचून हिंडतात. नवीन काडतूस निघालं की जाहिरात कुणी वाचत नाही. व्हर्लिन काय म्हणतो, एवढंच विचारतात.

तो घरामागच्या मातीच्या टेकाडासमोर माणसाच्या मांसाइतका घट्ट जिलेटिनचा ठोकळा मांडतो, त्याच्या तोंडाला जीन्सच्या कापडाचे चार पदर लावतो आणि गोळी किती खोल जाते ते पाहतो. जीन्स चर्चमधल्या दानाच्या पेटीतून पळवलेल्या. एका धर्मशील गृहस्थाने भोकं पडलेली स्वतःचीच विजार ओळखून घरी परत नेली होती; बायकोला भोकांचं कारण मात्र तो अजून सांगतो, उंदरांनी कुरतडली.

ठोकळा झाला की व्हर्लिन आणखी एक गोळी झाडतो. इथल्या घरांना असते तशी पातळ, पुठ्ठ्यासारखी भिंत त्याने चौकटीवर ठोकून ठेवली आहे, आणि तिच्यामागे एक हिरवी आरामखुर्ची. हे मात्र तो एकटा असतानाच. खुर्चीच्या पाठीची चाळण झाली आहे. त्यातलं पहिलं भोक इथे पडलेलं नाही.

आयडेला प्रूएट त्याची शेजारीण, मैलभर पलीकडची. कोणतं काडतूस घेऊ, असं तिने विचारलं, आणि याने सांगितलं. चांगलंच होतं ते. मग एका संध्याकाळी मागचं दार फोडणाऱ्या चोरावर तिने गोळी झाडली. नेम चुकला. भिंतीपलीकडे तिचा नवरा हार्लन खुर्चीत डुलक्या घेत होता.

आयडेलाने खुर्ची जाळायला बाहेर काढली आणि व्हर्लिनने ती गाडीत घातली. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून गोळी लागली की खुर्चीची स्प्रिंग कुरकुरते, झोपेत कुणी कूस बदलल्यासारखी. आयडेला कधीच वारली, पण स्प्रिंग कुरकुरायची थांबली नाही.

आणि परवा आयडेलाची मुलगी कॉरीन येऊन उभी राहिली; आईच्याच घरात ती आता आपल्या पोरीसोबत राहते. तिचा माजी नवरा तुरुंगातून सुटला होता. त्यानेच कधीकाळी तिचं मनगट मोडलेलं, त्यामुळे जुन्या पिस्तुलाचा झटका तिला सोसत नव्हता. ती विचारायला आली होती ते नवं काडतूस बारीक, झटका कमी, आणि छोट्या पिस्तुलात दोन गोळ्या जास्त मावतात. व्हर्लिन नको नको म्हणत असताना ती त्याच्यामागोमाग परसात आली.

"काका, नेम धरताय की ठोकळ्याचा मुका घेताय?"

"गप गं! अगदी आईवर गेलीयेस," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

गोळी हवी तशी सव्वा फूट आत जाऊन थांबली, टोक फुलासारखं उमललेलं. कॉरीनने टाळी वाजवली. "झालं की! चला, दुकान बंद व्हायच्या आत घेऊन टाकते."

 व्हर्लिन भिंतीकडे वळला आणि त्याने गोळी झाडली. मागे स्प्रिंग कुरकुरली.

कॉरीन भिंतीला वळसा घालून गेली आणि तिथेच थबकली. खुर्चीच्या हातावर सिगारेटचा जुना डाग होता. त्यावर तिने बोट ठेवलं.

"बाबांची आहे."

"हो."

"आरपार गेली, काका."

"सगळ्याच जातात. माणसाला थोपवील इतकी खोल जाणारी गोळी असल्या भिंतीला जुमानत नाही. हे तुझ्या आईला मी सांगितलं नव्हतं. तिने काडतुसाचं विचारलं, मी काडतुसाचं सांगितलं."

कॉरीनने डागावरचं बोट उचललं.

"मग हे चांगलं की वाईट?" तिने शेवटी विचारलं.

"चांगलं आहे. तुझी पोर कुठे झोपते?"

"स्वयंपाकघराच्या पलीकडे."

"आणि तो आला तर कुठून येईल?"

कॉरीनचा चेहरा उतरला. "मागच्या दारानं. स्वयंपाकघरातून."

व्हर्लिनने पिस्तूल रिकामं करून पेटीत ठेवलं आणि गाडीची किल्ली उचलली. प्रूएटांच्या घराचा उंबरा त्याने हार्लनच्या मयतानंतर ओलांडला नव्हता.

"चल. आधी पोरीचा पलंग हलवू."

"आणि काडतूस?"

"ते मग."

दोघं गाडीपाशी पोचली तेव्हा मागे स्प्रिंग कुरकुरली. गोळी कुणी झाडली नव्हती. कॉरीनने मागे वळून पाहिलं. व्हर्लिनने पाहिलं नाही.