चिखलावरची हवानाव

१९५६ साली मी फौजेत भरती झालो. काम इंजिनिअर्सचं: पूल बांधणं, रस्ते उघडणं, पुरात बोटी चालवणं. पुढे हवालदार झालो तेव्हा आमची तुकडी आसामात नदीकाठी होती. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक हरी राठोड होता, बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचा. दोघेही यवतमाळ जिल्ह्याचे, म्हणून चहा एकाच मगात.

सकाळी परेड, मग इंजिनांची तपासणी, मग ओले दोर वाळवणं. हरीचा भरवसा दोरावर.

"उस्ताद, इंजिन सासरचं, दोर माहेरचा," तो म्हणायचा.

पूर ओसरत असताना आम्ही एका बेटावरची माणसं आणायला गेलो. परतताना बोट गाळात रुतली. बोटीत बायका, पोरं आणि एक आजारी म्हातारा.

"बोट कुठे? ओव्हर." वायरलेसवर तळावरून विचारणा झाली.

"गाळात. निघतोय. ओव्हर."

मी हरीला म्हणालो, "उतर. धक्का दे."

"उस्ताद, आधी बांबू टाकून पाहू."

"वेळ नाही. उतर."

तो उतरला. त्याच्या धक्क्याने बोट सुटून धारेला लागली. हरी कंबरेपर्यंत रुतला होता. मी दोर फेकला. आखूड पडला. बोट वळवून येईपर्यंत ती गाळाची कड हरीसकट पाण्यात खचली होती. आम्ही पुष्कळ शोधलं. हरी सापडला नाही. बोटीतली माणसं वाचली.

हरीच्या घरी कळवलं गेलं की कर्तव्यावर असताना बुडून मृत्यू. त्यात खोटं काही नव्हतं. बांबूचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

फौजेतून सुटल्यावर यवतमाळला आलो. एका मासिकात फोटो पाहिला. विलायतेत हवेच्या गादीवर चालणारी होडी बनली होती. पाणी, वाळू, चिखल, सगळ्यावरून जाणारी. कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या उस्मानभाईंना तो दाखवला.

"हवालदार, विमान बनवून राह्यला काय?"

"चिखलावरून चालेल असं काहीतरी."

"मंग बनवू. कापसाच्या गावात पंख्याले काय तोटा?"

टिनाच्या शेडवर पाटी लागली, 'हवानाव कारखाना'. जुन्या जीपचं इंजिन आणि जिनिंगमधला पंखा मिळाला. हवा धरायला खाली जाड कापडाचा घेर हवा होता. बैलांवर लादायच्या गोणी शिवणारा माणूस मला ठाऊक होता, हरीचा बाप. मी तांड्यावर गेलो.

सोमलाबाबांनी मला बाजेवर बसवलं. "हरीचे हवालदार तुमी. बसा." मग हळूच म्हणाले, "दिवाळीच्या अवसेले आमी विस्तवावर तूप-गूळ टाकतो, गेलेल्यायचं नाव घेऊन. त्याचं नाव घेतलं नाई म्या अजून. बुडाला इतकंच कळवलं, कसा ते ठाऊक नाई, तं गेला म्हणू कसा?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी कापडाचं माप सांगितलं.

ते शेडमध्येच राहायला आले. घेराला दुहेरी टाका घातला. पहिल्या चाचणीत इंजिन गरजलं आणि नाव उचलायच्या ऐवजी जमिनीला चिकटली. जन्मभर कापूस ओढणारे पंखे बसवणाऱ्या उस्मानभाईंनी सवयीने ओढणारी बाजू खाली केली होती.

"काहून जी उस्मानभाई," सोमलाबाबा म्हणाले, "जमीन वेचून राह्यले काय?"

"हसा, हसा! एक बोंडही सोडत नसतो मी."

पंखा उलटा करून बसवला. दुसऱ्याच दिवशी नाव वीतभर उचलली.

मोठी चाचणी गावतलावाच्या गाळावर ठरली. तिथे म्हैस रुतली तर निघत नसे. सोमलाबाबा म्हणाले, "मी बसतो. शिवलं म्या हाय."

आता गप्प राहता येईना. मी काठावर उभा राहून सगळं सांगितलं. गाळ, बांबू, माझा हुकूम, आखूड पडलेला दोर. उस्मानभाईंनी इंजिन बंद केलं.

सोमलाबाबा गाळाच्या कडेपर्यंत गेले.

"बांबू टाकून पाहू म्हणे तो?"

"हो."

"म्याच शिकवलं होतं त्याले. नाल्यात बैल घालायच्या आधी काठी टाकायची. मले इतके दिवस काहून नाई सांगितलं?"

"हिंमत झाली नाही, बाबा."

"हे यंत्र चाललं असतं तिथं?"

"चाललं असतं. कुणाला उतरावं लागलं नसतं."

"मंग चालवा."

ते पुढे बसले. हातात लांब बांबू होता, तो त्यांनी गाळात टाकून पाहिला. तळ लागला नाही. नाव उचलली, मागची झडप उघडली, हवा मागे सुटली आणि आम्ही पुढे सरकलो. चिखल उडाला, तोंडं भरली. नाव मधे थांबली नाही. पलीकडच्या काठावर सोमलाबाबा कोरड्या पायांनी उतरले.

आमचा कारखाना फार मोठा झाला नाही. पण पुढच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या एका बाळंतिणीला आमच्या नावेने अलीकडे आणलं आणि तहसील कचेरीतून दुसऱ्या नावेची विचारणा आली. प्रत्येक नावेत आम्ही एक बांबू बांधतो. यंत्राला त्याची गरज नाही.

चाचणीनंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तांड्यावर होतो. सोमलाबाबांनी विस्तव पुढे ओढला आणि एकेका पूर्वजाचं नाव घेत तूप-गूळ टाकला. शेवटी पळी माझ्या हातात दिली.

"याचं तुमी टाका," ते म्हणाले. "नाव मी घेतो."

आणि मोठ्याने म्हणाले, "हरी."