मामांच्या स्कूटरचं इंजिन

आमच्या ह्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, बँकेत त्याचं कौतुकही होतं. पण पाना आणि पक्कड यांतला फरक त्यांना लग्नानंतर मी सांगितला. त्यामुळे "मामांच्या स्कूटरचं इंजिन मी घरीच बदलणार" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा मी आधी माझी चांगली परात उचलून आत ठेवली.

मामा म्हणजे माझे सासरे. दर दसऱ्याला ते त्या जुन्या स्कूटरवरून खुलताबादच्या दोस्ताला सोनं द्यायला जायचे. मग तिचं इंजिन जाम झालं आणि मेकॅनिकनंही हात टेकले. त्या दसऱ्याला ह्यांनी कारनं सोडतो म्हटलं, तर मामा म्हणाले, "कारमधून सोनं वाटायला मी काय पुढारी हाय?" आणि गेलेच नाहीत. तेव्हापासून चिकलठाण्याच्या आमच्या घरात ते गप्पगप्पच असत. ह्यांना ते बघवेना, एवढीच त्या इंजिनामागची गोष्ट.

जुन्या बाजारातून तसलंच इंजिन आलं. स्कूटर माझ्या गोधडीवर आडवी झाली. परात शेवटी गेलीच, तिच्यात नटबोल्ट पडले. मोबाईलमधला माणूस "आता हा बोल्ट सैल करा" म्हणे आणि हे त्याला "हो, हो" म्हणत. मामा शेजारी खुर्ची टाकून बसू लागले, बोलूही लागले. "वा! निघाला की बोल्ट. तुटून का होईना!"

जुनं इंजिन उतरलं, दुसरं चढलं. पण सायलेन्सर बसवायच्या आधीच खंडेनवमी आली.

"आज पान्याला हात लावायचा नाय," मामांनी बजावलं. "आज त्यांची पूजा."

मग पाटावर पाने, पक्कड आणि सायलेन्सर मांडून ह्यांनी हळदकुंकू वाहिलं. सायलेन्सरवर ठेवलेलं लिंबू सारखं घरंगळत होतं. बँकेतल्या माणसाला कुठलीच गोष्ट जागची हललेली चालत नाही. त्यांनी ते सायलेन्सरच्या तोंडात घट्ट बसवून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी सायलेन्सर चढला, झेंडूची माळ घातली गेली आणि ह्यांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. शर्ट घामानं भिजला. प्लग काढून पुसला, पेट्रोल बघितलं, मोबाईलमधल्या माणसाचा उद्धार केला. मामा धुतलेली टोपी घालून, खिशात आपट्याची पानं घेऊन तयार बसले होते. नवल म्हणजे आज त्यांच्या तोंडून एकही टोमणा निघत नव्हता.

शेवटी हे फरशीवरच बसले. "नाही जमलं, आबा."

मामांनी सायलेन्सरकडे बोट दाखवलं. "लिंबू काढ की आधी."

मी पोट धरून हसले. हे मात्र भडकले. "तुम्हाला माहीत होतं? मग सकाळपासून सांगितलं का नाही?"

"चालू झाली असती, तर बसावं लागलं असतं," मामा टोपी सारखी करत म्हणाले. "अन् ह्या गुडघ्यांनी मला ती आता पेलती का नाय, कुणाला ठाऊक."

माझं हसू तिथंच थांबलं.

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खुपसून लिंबू बाहेर काढलं. दुसऱ्या किकला स्कूटर खोकली, तिनं धूर ओकला आणि ती चालू झाली. हे हँडल धरायला गेले, तर मामांनी त्यांना मागं ढकललं. "गल्लीच्या तोंडापर्यंत तरी मीच नेणार."

गाडी डुगडुगत निघाली आणि कोपऱ्यावर थांबली. मामा हळूहळू उतरले, हे पुढं सरकले, मामा मागं बसले. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. आता मामा पुन्हा गप्प होणार, असं वाटलं. तेवढ्यात मामांनी मागं वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "ते लिंबू टाकू नको गं! आल्यावर ह्यालाच त्याचं सरबत पाजू!"