खांबेटे आणि तडितकुमारचा शेवटचा अंक

खांबेट्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी एका गृहस्थांची मनगटं धरून त्यांना भिंतीला चिकटवलं होतं. घर सॉल्ट लेकमधलं, खांबेट्यांचंच. गृहस्थांचा गुन्हा एवढाच, की जुन्या कॉमिकचं पान उलटताना त्यांनी बोट जिभेला लावलं. "थुंकी लावायची असेल तर घरी जाऊन नोटा मोजा!" खांबेटे गरजले. मी बदलीवर नुकताच कोलकात्याला आलेला बँकवाला. मी आपले हात गुपचूप खिशात घातले.

खांबेटे इथलेच, तिसऱ्या पिढीतले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मराठी आपल्याला लाजवील अशी, पण राग अस्सल बंगाली. बायको नाही, पोर नाही. तीन खोल्या भरून विस्मृतीत गेलेल्या बंगाली सुपरहिरोंची कॉमिक. दर रविवारी आम्ही चार-पाच वेडे तिथे जमायचो. चर्चा कसली, हाणामारीच ती! एका प्राध्यापकांनी म्हटलं, चित्रकार कोण याला काय महत्त्व? खांबेट्यांनी चहाचा कप त्यांच्या कानाजवळ भिंतीवर फोडला. "ठोसा कुणी काढला हे जो विचारत नाही, तो ठोसा खायच्याच लायकीचा!" मला या माणसाची भीती वाटायची आणि रविवारची वाटही मी बघायचो.

त्यांचा जीव तडितकुमारवर. ट्रामच्या तारेतून वीज ओढून गुंडांची हाडं मोडणारा हा धोतरवाला वीर नीरोदबाबू नावाच्या चित्रकारांनी काढला होता. प्रकाशकाने मात्र प्रत्येक मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून स्वतःच्या भाच्याचं नाव छापलं. नीरोदबाबू जाब विचारायला गेले, तर त्याने गुंडांकरवी त्यांचा उजवा हात कोपरातून मोडला. चित्रं तिथेच संपली. पुढे गोदीत जहाजांवर डाव्या हाताने आकडे रंगवत त्यांनी आयुष्य काढलं. आता नव्वदीला टेकलेले, गोदीजवळच्या गार्डन रीचला अंथरुणाला खिळलेले. स्वतःचा एकही अंक त्यांच्याजवळ नव्हता. "म्हातारा जायच्या आत शेवटचा अंक त्याच्या हातात ठेवणार," असा खांबेट्यांनी पणच केला होता. पण तो अंक शहरात कुणाकडेच मिळत नव्हता.

गेल्या वर्षी त्याची एकुलती एक प्रत सापडली, जुन्या कागदांच्या एका दलालाकडे. हे लोक हल्ली अंकाची पानं सुटी करून, चौकटीत घालून हॉटेलांना विकतात. आम्ही पोचलो तेव्हा अंक फळीवर होता आणि दलालाने त्याच्या घडीवर पातं टेकवलं होतं. खांबेट्यांनी सरळ आपला पंजा पात्याखाली घातला. तळहात उभा चिरला गेला. दलाल किंचाळला. त्याच्या दोन माणसांनी खांबेट्यांना खाली पाडून लाथा घातल्या, आणि मी, जन्मात कधी माशी न मारलेला माणूस, एकाच्या नाकावर गुद्दा हाणला. चांगला बसला! खांबेटे अंक पोटाशी धरून ओरडत होते, "मेलो तरी सोडणार नाही रे!" शेवटी दलालाने मागितली ती किंमत मी त्याच्या तोंडावर फेकली आणि त्यांना उचलून टाके घालायला नेलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गार्डन रीचला गेलो. नीरोदबाबू उशीला टेकून बसले होते. खांबेट्यांनी अंक त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याने चित्राकडे पाहिलंच नाही. मुखपृष्ठावरचं भाच्याचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हे नाव?" ते बंगालीत म्हणाले. "हे नाव माझ्या घरात आणलंत?"

आणि त्यांनी अंक फाडायला घेतला. वाकड्या हातात जोर नव्हता. जाड कागद नुसता चुरगळत होता. मी झेपावलो, तर खांबेट्यांनी माझ्या छातीत कोपर हाणून मला मागे लोटलं. म्हटलं, संपलं! आता हे म्हाताऱ्याचा गळाच धरणार.

खांबेटे खाटेशी गुडघ्यांवर बसले.

"नीरोददा, पिना बोचतील. द्या इकडे."

नखाने त्यांनी दोन्ही पिना काढल्या. पानं सुटी केली आणि एकेक म्हाताऱ्याच्या हातात देत गेले. नीरोदबाबू रडत होते. एका हाताने फाटेना, म्हणून प्रत्येक पानाचं दुसरं टोक खांबेटे धरून ठेवत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण टोक एकदाही सुटलं नाही.

शेवटी मुखपृष्ठ आलं. खांबेट्यांनी ते बँडेजच्या हातात घट्ट धरलं आणि म्हणाले, "ओढा, दादा."