कोणतं कार्ड चांगलं?

फौजेत मी क्लार्क होतो. रिटायर झालो आणि परभणीत माजी सैनिकांच्या दवाखान्यात फॉर्म भरून द्यायला बसलो. येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "साहेब, फौजी कार्ड काढू, सरकारी योजनेचं काढू, का पोराच्या कंपनीचा विमा बरा?" उत्तरं देता देता टेबलावर फॉर्म कमी अन् किस्सेच जास्त साठलेत!

*

जिंतूरचे हवालदार रंगनाथराव. पोरानं पुण्यातल्या कंपनीतून आई-वडिलांचा विमा उतरवलेला. मी सांगितलं, "तो विमा पोराची नोकरी आहे तोवर. फौजी कार्ड जन्मभर."

त्यांनी तिथंच फोन लावला. "बाळू, खरं सांग, सायबासंग भांडण तर न्हाई ना चालू?"

पलीकडून बाळूनं उलट विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

रंगनाथरावांनी फोन ठेवला. "भरा फौजी कार्डाचा फॉर्म!"

*

सोनपेठचे एक सुभेदार. फॉर्ममध्ये रकाना आला. मी विचारलं, "तुमच्यावर अवलंबून कोण?"

"कोणीच न्हाई. मीच बायकोवर अवलंबून हाय."

बायको शेजारीच. "तसंच लिवा, अन् खाली सही घ्या त्यांची!"

*

पोखर्णीकडच्या कौसाबाई. नवरा वारला तसं कार्डही संपलं, असं त्यांना वाटायचं. मोतीबिंदू घेऊन चाचपडत राहिल्या. "बायकोलाही मिळतं हो, मावशी," म्हणत मीच कागद जमवले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली.

मग मुद्दाम भेटायला आल्या. मला नीट निरखलं.

"तुमीच व्हय ते? आवाजावरनं लय गोरे वाटायलते!"

*

अन् मारोतीमामा. सखूमामीच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं आणि मामांनी कार्डच काढलेलं नव्हतं. "मला काय धाड भरलीय?" म्हणून! खाजगी विमा घ्यावा, तर जुन्या दुखण्याचा खर्च मिळायला काही वर्षं थांबावं लागणार. फौजी कार्डाला तशी अट नव्हती. धावपळ करून कार्ड काढलं. ऑपरेशन नीट झालं. आता दोघं मिळून गोळ्या न्यायला येतात.

पण सांगायचं ते फॉर्मच्या दिवशीचं. नवरा-बायकोचा जोडीनं फोटो लागत होता. घरात एकही निघेना. मामांची उभी नोकरी सीमेवर, मामी गावी. शेवटी स्टुडिओत जाऊन काढून आणला. मामा सावधानमध्ये उभे, मामी हातभर लांब!

मी म्हणालो, "मामी, थोडं जवळ उभं ऱ्हायचं की!"

मामींनी फोटोकडं बघत पदर सावरला.

"बॉर्डरपरीस जवळच हाईत की आता!"