पेटीच्या यादीवरच्या रेघा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. छप्पन साली मी सतरा वर्षांची होते. पांढरं लुगडं नेसून आईवडिलांबरोबर दीक्षा घेतली आणि घरी परतल्यावर वडिलांनी पहिलं काम काय केलं, तर भगताचे ताईत, गंडेदोरे, दारावरचं लिंबू-मिरची सगळं एका टोपलीत घालून घराबाहेर काढलं. तेव्हापासून आमच्याकडे भानामतीची भाषा नाही.

दुसरं कारण माझी नोकरी. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी लिनन-कीपर आहे. म्हणजे वॉर्डांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ब्लँकेटं मोजून देणं आणि मोजून परत घेणं. पंधरा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली... वस्तू आपोआप नाहीशी होत नाही. कोणीतरी ती नेतं, फाडतं, नाहीतर भलत्या कपाटात ठेवतं. शोधलं की माणूस सापडतो. हे लिहायला मला चार वर्षं लागली, कारण या प्रकरणात माणूस सापडलेला नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आम्ही इंदोऱ्यात राहायचो — दोन खोल्या, मागे छोटं अंगण. मी, मिलमध्ये कामाला असलेले माझे यजमान, आणि आमची एकुलती एक सुजाता. बी.एस्सी. झाली, चांगले मार्क पडले आणि तिला एम.एस्सी.ला बनारसला जागा मिळाली. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजात गेलेली ती पहिलीच. घर सोडून वसतिगृहात राहणारीही पहिलीच. वस्तीत पेढे वाटले. मग मी कामाला लागले.

मी यादी केली. दवाखान्यात करतो तशीच — मध्ये कार्बन घालून, दोन प्रतींत. अठ्ठावन्न नग. पांढरे टॉवेल दोन, उशीचे अभ्रे दोन, माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी एक, जवसाच्या चटणीची बरणी एक, बुद्धाची छोटी पितळी मूर्ती एक... सगळं. यजमान दारात उभे राहून बघत होते.

"पोरगी शिकाले चालली का दवाखाना हालून राहिला वं?"

"हसा तुम्ही. तिथं सुई लागली तर कोणाकडे मागेल?"

"बनारसले सुया नाई भेटत?"

सुजाता हसून लोळायची बाकी होती.

वरची प्रत मी मैद्याची खळ लावून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. खालची कार्बनची प्रत घरी, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. आणि तिला नियम सांगितला. आमच्याकडे चादर फाटली, हरवली, कामातून गेली की रजिस्टरात तिच्यावर आडवी रेघ मारतात. "तुझं काही गेलं की झाकणावरच्या यादीत रेघ मारायची आणि मला कळवायचं. मी इकडे मारीन. म्हणजे सुट्टीत आलीस की हिशेब जुळेल."

"हो, मेट्रन," ती म्हणाली.

जुलैच्या मध्यात तिला गाडीत बसवून दिलं. इटारसीला गाडी बदलायची होती. बनारसचीच एक मुलगी सोबतीला होती, म्हणून काळजी नव्हती. गाडी हलल्यावर यजमान पाण्याच्या नळाकडे गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. मी रडले नाही. घरी येऊन तिची कॉट उभी करून ठेवली आणि खालची जागा पुसून घेतली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी डाळ शिजायला टाकली आणि सहज यादीकडे नजर गेली. पांढऱ्या टॉवेलवर रेघ होती.

शाईची नव्हती, पेन्सिलचीही नव्हती. अक्षरं जशी कार्बनमधून निळी उमटली होती, तशीच निळी, जराशी फुटलेली रेघ. वरून कोणीतरी दाबून मारावी आणि खाली उतरावी, अशी.

"अहो, यादीला हात लावला का?"

"मले का समजते तुया यादीतलं? तूनंच मारली असन."

"मी कशाला मारू? माझ्याकडे घरात कार्बन आहे का?"

"मंग पालीनं मारली असन," म्हणाले आणि डबा घेऊन मिलमध्ये गेले.

आठ दिवसांनी सुजाताचं पत्र आलं. "आई, इथं माकडं फार. पांढरा टॉवेल दोरीवरून उचलून एक माकड गच्चीवर बसलं आणि आमच्यासमोर अंग पुसत होतं. नियमाप्रमाणे रेघ मारली आहे." पत्रावर तारीख होती. रेघ मला दिसली तो दिवस. मी म्हटलं, योगायोग.

सप्टेंबरात चपलेवर रेघ आली. पत्र सात दिवसांनी — चपलेचा अंगठा तुटला, फेकून दिली. मग चटणीची बरणी. पत्र — मैत्रिणीच्या हातून फुटली. आता मी स्वस्थ बसणारी नव्हते. एका वहीत दोन रकाने पाडले, रेघ दिसली ती तारीख आणि पत्रातली तारीख. यादी खिळ्यावरून काढून लोखंडी कपाटात कुलपात ठेवली. किल्ली माझ्या कमरेला. महिनाभर रोज सकाळी स्वतः उघडून बघायची. ऑक्टोबरात, कुलपातल्या कागदावर, छत्रीवर रेघ आली. पत्र — छत्री रिक्षात विसरली.

चारही तारखा जुळल्या. मी यादी परत खिळ्याला लावली. लपवून काय उपयोग?

सुजाताला यातलं काही कळवलं नाही. एकटी पोर, भलतंच मनात घेऊन बसेल. पण घरात एक विचित्र सवय लागली. यजमान पहिल्या पाळीला निघताना चहाचा कप घेऊन यादीपुढे उभे राहायचे, बोट फिरवत खाली जायचे.

"आज काई नाई."

सुरुवातीला हे समाधानानं म्हणायचे. पुढे पुढे तसं राहिलं नाही. पत्र आठ-आठ दिवसांनी यायचं, आणि रेघ म्हणजे आजची, ताजी खबर. आज तिचा रुमाल हरवला म्हणजे आज ती तिथं आहे, चालते-बोलते आहे. खोटं कशाला सांगू... आमच्या लेकीचं काहीतरी हरवावं म्हणून आम्ही दोघं वाट बघायला लागलो. दिवाळीला ती आली नाही. परीक्षा जवळ होती. त्या आठवड्यात यजमान यादीपुढून हलतच नव्हते.

जानेवारीतला एक बुधवार. तीन वाजता ड्युटीवरून आले, हातपाय धुतले आणि बघितलं, तर गोधडीवर रेघ. तिच्याखाली स्वेटरवर. मफलरवर. मी खाली बसले. पुन्हा वर बघितलं, तर लाडूच्या डब्यावर होती. ती आधी होती की नाही, मला सांगता येणार नाही. रेघ उमटताना मी एकदाही बघितली नाही. पाणी प्यायला माठाकडे वळले, परत आले — बुद्धाच्या मूर्तीवर. मोजल्या. अकरा.

यजमान चारला आले. कागद हातात घेऊन बघत राहिले.

"गोधडी कोन फेकते थंडीत?" मग हळू म्हणाले, "अन् मूर्ती? मूर्ती कायले जाईन?"

वसतिगृहाला आग लागली, चोरी झाली, पेटीच गेली... की पेटीची मालकीणच... पुढचं मी मनातही म्हटलं नाही. वाहतं रक्त, मोडलेली हाडं, सगळं बघितलेली बाई मी. काय करायचं ते मला नेहमी माहीत असतं. त्या दिवशी हजार किलोमीटरवर काहीतरी चाललंय एवढं मला दिसत होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

सायकलवर डबलसीट तारघरात गेलो. अर्जंट ट्रंक कॉल लावला. बाकावर दोन तास बसलो. यजमानांच्या हातात सायकलची किल्ली होती, ती ते बोटांत फिरवत होते. सातच्या सुमारास नंबर लागला. तिकडे कोणी बाई हिंदीत ओरडली, "होल्ड कीजिए", आणि मग नुसतीच खरखर. एक मिनिट त्यातच गेलं.

"आई? काय झालं? काहून फोन केला?"

तिचाच आवाज होता. जरा बसलेला.

"काही नाही. तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"गोधडी आहे ना तुझ्याजवळ?"

"आहे ना. काय विचारतेस आई?"

"आणि स्वेटर?"

"घालूनच उभी आहे."

यजमानांनी फोन ओढून घेतला. काय काय विचारायचं ते त्यांनी बाकावर घोकून ठेवलं होतं. पण तोंडून एवढंच निघालं, "जेवली का वं माय?" ती काही बोलायच्या आत तीन मिनिटं संपली.

त्यानंतर यादीवर एकही रेघ आली नाही. पत्रं मात्र येत राहिली, नीट, मजेत लिहिलेली.

मे महिन्यात ती सुट्टीला आली. उंच दिसत होती, वाळलेली. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडून तपासायला बसले. गोधडी, स्वेटर, मफलर, मूर्ती, रिकामा डबा, सगळे अकराच्या अकरा नग आत होते. घडी घातलेले, कोरडे, डांबराच्या गोळ्यांसकट. आणि झाकणाला यादी नव्हती. खळीचा पिवळा डाग होता, कडेला कागदाची दोन कुरतडलेली टोकं.

"यादी कुठे आहे?"

"अगं, ती पंधरा दिवसांतच झुरळांनी खाल्ली. मैदा होता ना."

"मग पत्रात लिहायचीस ते? रेघ मारली, रेघ मारली?"

"तुला बरं वाटावं म्हणून." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, एवढी पांढरी काहून पडलीस?"

मी खिळ्यावरची प्रत तिच्या हातात दिली. वहीही दिली. ती वाचत गेली. जानेवारीच्या बुधवारापाशी थांबली.

त्या दिवशी ती दुपारी घरी यायला निघाली होती, कायमची. पेटी बांधून, रिक्षात घालून स्टेशनपर्यंत गेली होती. सहा महिने रोज रात्री गोधडीत तोंड घालून रडत होती, त्यातलं एक अक्षर आम्हाला कळवलं नव्हतं. स्टेशनवर पेटीवर बसून राहिली आणि मग त्याच रिक्षात परत फिरली. खोलीवर आल्यावर घरून आणलेलं जे जे बघितलं की रडू यायचं, ते सगळं पेटीत टाकून कुलूप लावलं. मैत्रिणीचं ब्लँकेट मागून घेतलं. फोनवर स्वेटर घातलाय म्हणाली, ते खोटं होतं.

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"तीन-साडेतीन."

यजमान उंबऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "येऊन जाची होतीस वं. कोन काय म्हनलं असतं?"

"येऊन गेले असते तर परत गेलेच नसते, बाबा."



ज्या यादीवरून रेघा उतरत होत्या असं मी धरून चालले होते, ती यादीच नव्हती. मग खालच्या प्रतीवर काय उतरत होतं? ओळखीच्या एका प्रोफेसरांना कागद दाखवला. म्हणाले, आर्द्रता. कुलपातल्या कपाटात आर्द्रता छत्रीची ओळ शोधून काढते का, हे त्यांनी सांगितलं नाही. कागद अजून माझ्याकडे आहे. कोणाला बघायचा असेल तर दाखवीन.

जुलैत ती परत गेली, तेव्हा पेटी तिनंच भरली. गोधडी घेतली नाही. मी वही-कार्बन घेऊन बसले होते, तर म्हणाली, "राहू दे आई, माझ्या लक्षात आहे सगळं."

पुढच्या हिवाळ्यात तिचं घड्याळ हरवलं. तिनं तिथं शिकवण्या करून घेतलेलं, आम्ही न बघितलेलं घड्याळ. त्या दिवशीही यजमान चहा घेऊन खिळ्यावरच्या त्याच जुन्या कागदापुढे उभे होते आणि "काई नाई" म्हणून कामावर गेले. आम्हाला ते पत्रानं कळलं, आठ दिवसांनी.